पर्यवेक्षकांची परीक्षा

राज्याच्या चाचणीआधी आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण उंब्रजच्या शाळेत होतं. शिकवायला सांगलीहून अजितकुमार साहेब आले होते. सकाळपासून त्यांचं एकच पालुपद: मुलांना उत्तर सांगायचं नाही, खूण करायची नाही, ओठसुद्धा हलवायचे नाहीत. जणू आम्ही सगळे चोर.

शेवटी आमचीच परीक्षा निघाली. आपल्या प्रशिक्षणाचा निकाल शंभर टक्के दिसावा म्हणून साहेब स्वतःच उत्तरं सांगू लागले.

"प्रश्न चौथा. पर्यवेक्षकाने मुलांना उत्तर सांगावे का? 'नाही'वर खूण करा."

जन्मभर कॉपी पकडलेल्या सगळ्या माना मुकाट खाली गेल्या. एकटे नाथाजी गुरुजी मागून बोलले, "आवं साहेब, जरा दमानं सांगा की."