न्हाणीमागची नाळ

पेल्यात चमचा किणकिणला, तेव्हा कुठं पडेगावच्या त्या घरातली दुपार जराशी हलली. कावेरी गोळी पाण्यात विरघळवत होती. तिच्या सात वर्षांच्या लेकीच्या, तनूच्या अंगात रक्त नीट बनत नव्हतं. सारखं बाहेरचं रक्त चढवायचं, आणि त्यानं साठलेलं लोह असं गोळ्यांनी काढायचं. पोरीला आता त्याचं काही वाटेनासं झालं होतं, आणि कावेरीला त्याचंच जास्त वाटायचं.

उद्या पुण्याला निघायचं होतं. दीड वर्षाच्या राघूच्या कमरेच्या हाडातली, रक्त बनवणारी मज्जा काढून त्याच्या बहिणीला, तनूला द्यायची. लागू पडेलच असं डॉक्टरही म्हणत नव्हते.

राघू तसा त्यासाठीच जन्मला होता. प्रयोगशाळेत गर्भ तयार करून तनूशी जुळणारा निवडला होता. बाकीचे तिथंच गोठवून ठेवलेले. त्यांचं पुढं काय, हे कावेरीनं नवऱ्याला कधी विचारलं नाही आणि बद्रीनाथनंही विषय काढला नाही. बारशाला चुलत नणंद चतुराबाई पाळण्यात वाकून म्हणाली होती, "ह्यो पोरगा नाय गं, तनूचं औषध हाय. बाटलीला झबलं घातलंय नुसतं." बाया हसल्या. कावेरीही हसली होती.

खरं तर आधी ठरलं होतं तसं राघूला टाचणीही टोचावी लागणार नव्हती. लागणाऱ्या मूळ पेशी नाळेतल्या रक्तातही असतात. बाळ झालं की ते रक्त पिशवीत धरायचं, एवढंच. पिशवीचा डबा कपाटावर तयार होता. पण कळा फार आधी आल्या. बद्रीनाथ चिकलठाण्याला कामावर, आणि गाडी दारात येण्याआधी राघू घरातच आला. सासूनं, मनकर्णाबाईंनी, गावाकडं कितीतरी बाळंतपणं केलेली. त्यांनी नाळ कापली, वार पडल्यावर हळदकुंकू वाहून ती नाळेसकट न्हाणीमागं पुरली, वर दगड ठेवला. कावेरीला भान आलं तेव्हा त्या हात धूत होत्या, आणि पिशवी कोरडीच राहिली होती.

डब्याचं त्यांना चांगलं ठाऊक होतं. "कळत व्हतं गं मला," त्या म्हणाल्या होत्या, "पण हात आधीच खड्ड्याला लागले."

आताही त्या राघूला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "माझ्या कमरंतून घ्या म्हणावं डॉक्टरला. म्हातारं हाड हाय, दुखलं तर दुखलं."

"तुमचं जुळत नाही, आत्याबाई."

 त्या राघूला खाली सोडून परसात गेल्या. राघूनं कोपऱ्यातला तो रिकामा डबा ओढला आणि त्यावर थापा मारत बसला.

तनूनं पेला रिकामा केला, तोंड वाकडं केलं. उद्या काय होणार ते कावेरीनं तिला हळूहळू सांगितलं. राघूला झोपवतील, सुई टोचतील, चार दिवस दुखेल, मग दुखणं थांबेल. त्याचं तुला मिळालं की कदाचित हे रक्त चढवणं थांबेल.

तनूनं भावाकडं बघितलं. डबा वाजवताना तो तिच्याकडं बघून हसत होता.

"पण आई," ती म्हणाली, "तुम्ही त्याला विचारलं का?"