दहा वाजताची जखम

दुपारी एकला दहा मिनिटं कमी असताना उसाचा ट्रक जिल्हा रुग्णालयाच्या दारात थांबला आणि चौघांनी दायटनला केबिनमधून उतरवलं. ऊसतोडीत शेजारच्या गड्याचा कोयता निसटून त्याच्या डाव्या गुडघ्यामागे खोल गेला होता. मांडीला सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून आवळलेली होती, म्हणून तो जिवंत होता.

"पट्टी कधी बांधली?" वायसन चिपेटाने आधी हेच विचारलं.

"दहाला," मुकादम फोस्टिनो म्हणाला.

"नक्की?"

"हातातलं घड्याळ शोभेला नाही घातलेलं, डॉक्टर."

बाकीचे तिघे जमिनीकडे बघत होते. दायटन अर्धवट शुद्धीत होता, आणि त्याची बायको एनिफा फाट्यावरून ट्रकमध्ये बसलेली. ती शेतात नव्हतीच.

वायसन डॉक्टर नव्हता. तो क्लिनिकल ऑफिसर, तीन वर्षं शिकून पोटं, हाडं आणि बाळंतपणं निभावणारा. रक्तवाहिनी त्याने आजवर दोनदाच जोडली होती. हिशेब मात्र त्याला पाठ होता. रक्तपुरवठा तुटलेला पाय सहा तास टिकतो. त्यानंतर स्नायू मरतात, आणि मेलेल्या स्नायूंत पुन्हा रक्त सोडलं तर त्यांचं विष हृदयाला आणि मूत्रपिंडांना गाठतं. तेव्हा पाय काढणं हाच इलाज. दहापासून सहा तास, म्हणजे चारपर्यंत.

त्याने ब्लांटायरच्या मोठ्या रुग्णालयातले सर्जन डॉक्टर म्सुकू यांना फोन लावला.

"पोटरी?"

"घट्ट. बोटं जरा ताठ वाटतात."

"तीन तासांत बोटं ताठ होत नाहीत, वायसन."

"मुकादम घड्याळ बघून सांगतोय."

"मुकादमाचं ऐक नाहीतर तुझ्या बोटांचं ऐक. इथून मला काय दिसणार? तू ठरव."

वायसनने घड्याळाचं ऐकलं. उजव्या पायातली शीर काढली, तुटलेल्या धमनीच्या दोन टोकांमध्ये जोडली, पोटरीला सूज येणार म्हणून तिला दोन्हीकडून चिरा दिल्या. तीन चाळीसला रक्त अडवून धरलेले चिमटे सोडले. पाऊल हळूहळू गरम झालं.

"ब्लांटायरवाल्यांना म्हणावं, या आता आमच्याकडे शिकायला," नर्स लोवेनेस म्हणाली.

वायसन स्वतः बाहेर जाऊन एनिफाला आत घेऊन आला. "वाचला पाय." तिने पावलाला हात लावला आणि हसली.

साडेचारला लघवीच्या पिशवीत उकळून काळा झालेल्या चहासारखं पाणी उतरलं. नाडी मध्येच ठोके गाळू लागली.

फोस्टिनो ऊस कारखान्यावर उतरवून परत आला होता. त्याला अपघाताचा दाखला हवा होता. अर्जाला कारखान्याचा शिक्का मारलेली गाडीची पावती जोडावी लागे, तीही त्याने पुढे केली. पावतीवर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: तोड बंद, ५.५० ते ६.१५, गडी जखमी. गाडी भरली, ११.२०.

"पाच पन्नास," वायसन म्हणाला.

फोस्टिनोने पावती परत घ्यायला हात पुढे केला.

"साडेपाच तास माणूस बांधावर पडून होता?"

"जळालेला ऊस थांबत नाही, डॉक्टर. रात्री फड पेटवला, की दुसऱ्या दिवशी तो कारखान्यात गेलाच पाहिजे. नाहीतर अख्खी टोळी घरी. रक्त तर थांबलं होतं."

"मग मला दहा का सांगितलं?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही पाय कापला असता. एका पायाच्या गड्याला टोळीत कोण ठेवतं?"

"का उशीर केला हेही मी विचारलं असतं."

फोस्टिनोने पेनाला टोपण लावलं. "तेही."

म्सुकूंनी फोनवर पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "काढ. मांडीतून. आत्ता."

एनिफा पलंगासमोर वाट अडवून उभी राहिली. "गरम आहे की पाय! तुम्हीच म्हणालात, वाचला."

"मी चुकलो, ताई. हा पाय त्याला मारतोय."

"तासाभरापूर्वी तुम्ही खरं बोलत होता की आता बोलताय? आणि मला काय विचारता? त्याचा मामा आहे ना. उद्या त्याच्या घरचे म्हणतील, परक्या घरच्या बाईने भाच्याचा पाय कापू दिला."

नदीकाठच्या त्या मुलखात माणसाच्या शरीराबद्दल शेवटचा शब्द मामाचा, हे वायसनला कोणी सांगायची गरज नव्हती. तोही मामाच्या शब्दाखालीच वाढला होता. पावणेपाचला मामा फोनवर सापडला, नदीच्या पलीकडच्या काठावर. वायसनने त्याला सकाळपासूनचं सगळं सांगितलं.

"मी येईपर्यंत हात लावायचा नाही," मामा म्हणाला.

"मामा, वेळ नाही."

"मुकादमाकडे वेळ होता, तुमच्याकडे होता, मीच तेवढा घाई करू?"

लोवेनेसने करवत उकळून ठेवली. वायसनने सलाईनच्या बाटल्या चढवल्या आणि नाडीवर बोट ठेवून बसला.

सहा वीसला मामा होडीतून अलीकडे उतरला होता आणि काठावर भाड्याच्या सायकलची वाट बघत होता. दायटनची नाडी एकशे चाळीस होती. पिशवीत तासाभरात दोन चमचे काळं पाणी उतरलं होतं. डाव्या पायाची बोटं अजून गरम होती.