मानाचे फोन

नवऱ्याला, दत्तात्रेयला, जाऊन तीन महिने झाले, तरी कल्पिताच्या कानातली, मध्येच दुसरा फोन येत असल्याची टुकटुक काही जाईना. कोणाचाही फोन घेतला की समोरच्याच्या बोलण्याखालून ती सुरू व्हायची. माहेरून बहीण बोलत असली तरी हिचं अर्धं लक्ष त्या आवाजाकडे. मग घाईघाईने फोन ठेवून ती बघायची, तर मध्ये कोणाचाच फोन आलेला नसायचा.

त्या दिवशी मात्र आला होता. श्रीवर्धनजवळच्या त्यांच्या वाडीत दत्तात्रेय भरदुपारी पोफळीवर चढून सुपारी उतरवत होता, तो खाली पाटाच्या दगडांवर पडला. शुद्धीत होता, बोलत होता, पाणी मागत होता. कल्पिताने लगेच १०८ लावला. त्यात ती चुकली नाही. पलीकडच्या बाईने गाव विचारलं, काय झालं ते विचारलं, त्याला हलवू नका म्हणून बजावलं आणि शेवटी म्हणाली, "गाडी निघालीय. चालक रस्ता विचारायला याच नंबरवर फोन करेल. फोन मोकळा ठेवा."

पण या घराण्यात वाईट बातमी सांगायलाही मानपान लागतो. सासरे गेले तेव्हा धाकट्या घराला आधी कळलं, म्हणून थोरल्या घराने सात वर्षं इथलं पाणी तोंडाला लावलं नव्हतं. असल्या रुसव्याला काय म्हणावं! मुलाच्या उशाशी बसलेल्या गोदूबाई सुनेला म्हणाल्या, "आधी थोरल्या भावजींना लाव गं. मग मधल्यांना." कल्पिताने आधी चुलतसासरे कृष्णाजींना फोन लावला, मग मधल्यांना, मग धाकट्यांना. प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगायचं. कृष्णाजी तर वाडीतली कुठली पोफळ, तेही विचारत होते. गोदूबाईंनाही ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर होता आणि मध्ये टुकटुक वाजत होती.

"आई, कोणाचा तरी फोन येतोय."

"वाजू दे. भावजींचं बोलणं तोडू नको."

वाडीकडे वळायच्या फाट्यावर दोन्ही रस्ते सारखेच दिसतात आणि पाटी एकालाही नाही. गाडीचा चालक रतन समुद्राकडच्या वाटेने गेला, एका लॉजच्या फाटकाशी अडकला, मागे फिरून पुन्हा फाट्यावर येऊन थांबला. वीस मिनिटं उशिरा वाडीत पोचला, तेव्हा दत्तात्रेयचं बोलणं थांबलं होतं. दवाखान्याच्या वाटेवरच तो गेला. रात्री कल्पिताने फोन उघडून बघितला, तर एकाच नंबरचे सहा कॉल. तिने ते कोणाला दाखवले नाहीत आणि पुसलेही नाहीत.

आज पडवीत सगळी भावकी जमली होती. गाडी उशिरा आणली म्हणून रतनवर तक्रार करायची, आणि त्यावर पहिली सही कल्पिताची. त्याची नोकरी जाणार, हे सगळे अगदी समाधानाने बोलत होते. कल्पिता मागच्या दारी गेली. सासूने सांगितलं म्हणून आपण केलं, अशी समजूत तिने स्वतःची बरेचदा घालून बघितली होती. पण फोन होता कोणाच्या हातात? त्या माणसाची निदान माफी तरी मागावी, म्हणून तिने तो नंबर लावला.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. ती तोंड उघडायच्या आत तिकडून आवाज आला, "हां ताई, बरा झाला तुम्हीच फोन केलात! फाट्यावर उभा हाय. डावीकडं वळू का उजवीकडं?"

सहा वेळा विचारायचा राहून गेलेला प्रश्न हाच. 'उजवीकडे' हा शब्द अगदी तिच्या ओठांवर आला. आत्ता सांगितलं तर गाडी वळेल, वाडीत येईल, दत्तात्रेय अजून पाणी मागत असेल, असं तिला क्षणभर खरंच वाटलं.

"ताई, बोला ना! पेशंट कुठं हाय? थांबा, मधीच दुसरा फोन येतोय..."

कल्पिता भानावर आली. कुठल्या तरी अंगणात आत्ता कोणी तरी पडलंय आणि त्याच्या माणसांचा फोन आपल्यामुळे लागत नाहीय. "चुकून लागला, तो फोन घ्या," एवढंच म्हणून तिने फोन कापला. ती तशीच पडवीत गेली आणि ते सहा कॉल तिने कृष्णाजींसमोर धरले.

"आबा, गाडी वेळेत निघाली होती. तो रस्ता विचारायला फोन करत होता आणि मी तुमच्याशी बोलत होते. मी सही करणार नाही."

कृष्णाजींनी फोनकडे बघितलंही नाही. "दुःखात माणूस काहीबाही बोलतं," ते म्हणाले आणि त्यांनी कागद पुन्हा तिच्यापुढे सरकवला.

तेवढ्यात गोदूबाई भिंतीला धरून उठल्या. तीन महिन्यांत त्या कोणाशी धड बोलल्या नव्हत्या.

"खरं बोलतेय ती. वाजू दे, असं मीच म्हटलं व्हतं. ती टुकटुक मलाबी रोज आयकू येते." मग त्या दिराकडे वळल्या. "तुमाला सगळ्यांच्या आधी कळवलं ना, भावजी? तुमचा मान राहिला. माझा दत्ता न्हाय राहिला."