हडळ नसलेली कादंबरी

कादंबरीत हडळ नव्हती. सिनेमावाल्यांनी ती घातली.

अकोल्याच्या टॉकीजमध्ये बुधवारी दुपारी फक्त बायकांचा खेळ असे. सासूबाईंना, म्हणजे पार्बताबाईंना, तिथं नेण्याचं मीच कबूल केलं होतं. सहा महिन्यांचा बंडू माझ्या मांडीवर होता. आधी लढाईच्या बातम्या झाल्या, मग सिनेमा सुरू झाला.

गोष्ट मला पाठ होती. गेले आठ दिवस दुपारी बंडू निजला की मी तेच पुस्तक घेऊन बसत होते. अमरावतीचं कॉलेज सुटल्यापासून इतकं सलग काही वाचलं नव्हतं. कपाशीच्या शेतात एकटं उभं घर. त्या घरात पाळण्यातलं मूल एक दिवस उठतच नाही. मग दुसरं. गाव म्हणतं, विहिरीतली हडळ नेते. शेवटून दुसऱ्या पानावर धाकट्या सुनेला गोधडीखाली डबी सापडते, अफूच्या गोळ्यांची. सगळे शेतात राबतात, पोर निजलेलं बरं, म्हणून सासू रोज एक चाटवत आलेली. मायेनंच. पुस्तक मिटल्यावर मी कितीतरी वेळ बंडूकडे बघत बसले होते.

सिनेमात डबीच नव्हती. पांढरं पातळ नेसलेली, केस सोडलेली हडळ विहिरीच्या काठावर चक्क गाणं म्हणत होती.

“पाह्य व माय, कशी निंगाली!” सासूबाईंनी माझा दंड धरला.

“पुस्तकात नाहीये ती.”

“पुस्तकवाल्याले काय मालूम? आमच्या शेंदूरजन्यात होती अशी एक.”

मला हसू आलं. तेवढ्यात हडळीनं किंकाळी फोडली आणि टॉकीजमधली झाडून सारी पोरं भोकाड पसरून रडायला लागली. बाया उठल्या, थोपटू लागल्या, कुणी ओरडलं, “आवाज कमी कर रे!” मागच्या बाकावरची एक बाई पुढे वाकली.

“तुमचं लेकरू लय गुणाचं हाय व. हूं नाही का चूं नाही.”

“आमच्या घरचे लेकरं रडत नाहीत,” सासूबाई ऐटीत म्हणाल्या.

हे वाक्य मी वाचलेलं होतं. कादंबरीतली सासू आल्यागेल्याला हेच सांगते.

मी बंडूचा हात उचलून सोडला. तो तसाच खाली पडला.

लोकांच्या पायांवरून मी व्हरांड्यात आले. सावलीत उभी राहून त्याची पापणी वर केली. सावलीतही बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, अफूनं होते तशी.

सासूबाई मागोमाग आल्या. “काहून उठली? आता तं रंग आला होता!”

“बंडूला काय दिलंत?”

“काय देईन? बाळगोळी. खेळ पाहू द्यावा तुले, म्हून आज दोन देल्ल्या.”

“आज दोन. मग रोज?”

“रोज एकच. शिकेल पोरगी हाय, वाचू द्या बिचारीले, म्हटलं. तुह्या नवऱ्याले, नारायणलेबी देत होतो आमी. झाला ना वकील?”

म्हणजे माझी ती आठ दिवसांची दुपारची सवड कुठून आली होती, ते आता कळलं.

टांग्यात मी त्याचे तळवे चोळत होते, टिचक्या मारत होते. सासूबाई आधी पुटपुटत होत्या. मग बंडूचा एक श्वास गेला आणि दुसरा लवकर येईना. एकदम त्यांनी त्याला माझ्याकडून ओढून घेतलं. “बंड्या! ए राजा! ऊठ रे!” टांगेवाल्यानं वळून पाहिलं आणि घोड्याला चाबूक मारला.

डॉक्टरांनी दोन तास त्याला निजू दिलं नाही. पावणेसहाला तो रडला. आधी बारीक, मग सगळा दवाखाना दणाणून.

सासूबाईंनी कमरेची डबी काढून टेबलावर ठेवली. हात मात्र तिच्यावरच राहिला.

“नारायणच्या आंधी मले एक पोरगी झाली होती,” त्या म्हणाल्या. “सिंधू. लय गुणाची. तिले विहिरीतलीनं नेलं, असं माही सासू सांगे.”

बंडू रडत होता. त्याला उगी कर, असं दोघींपैकी कुणीच म्हणालं नाही.