मशीनला माता निघाली

माझी चंद्री कोंबडी मुंगसाने नेली, तेव्हा तिच्याखाली अकरा अंडी होती. मी रडले, आणि कोंबडीसाठी रडले हे सांगायची मला लाज वाटत नाही. भाची आरती त्याच संध्याकाळी अमरावतीहून आली आणि तिने थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, पंखा आणि पत्त्यांच्या कॅटाएवढा उघडा कॉम्प्युटर बसवून दिला. गार झालं की तो बल्ब लावायचा, गरम झालं की विझवायचा. त्याची वायर चार तोंडांच्या एका चार्जरमध्ये होती.

सोळा दिवस बिनबोभाट गेले. सतराव्या दिवशी, रविवारी दुपारी चारला, तो आपोआप बंद पडला. बल्ब विझला आणि जानेवारीची थंडी खोक्यात शिरली. वायर काढून पुन्हा लावली तेव्हा कुठे सुरू झाला. भजनाच्या बायका चहाला आल्या होत्या, शेजारच्या मैनाबाईही तिथेच बसल्या होत्या. मैनाबाईंनी पाहिलं, म्हणजे आमच्या अख्ख्या जठारपेठेने पाहिलं.

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला जायचं असतं. आजारी कोण, हे नंतर विचारतात. सोमवारी सकाळपासून लोक बिस्किटांचे पुडे घेऊन येऊ लागले. माझ्या ऑपरेशनला न फिरकलेले खुशालराव डझनभर केळी घेऊन आले.

"थंडी बाधली याले," ते कॉम्प्युटरकडे बघून म्हणाले. "ओव्याची धुरी द्या."

मैनाबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. कोणीतरी त्याला तान्ह्या बाळाची कानटोपी घातली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! त्या दिवशी तो पाच वेळा बंद पडला. माणसं जास्त, तेवढा तो जास्त पडे.

"आत्या, कधी कधी बंद पडून राहिला ते लिहून ठेव," आरती फोनवर म्हणाली. "आन् आधी ती टोपी काढ!"

मी कॅलेंडरवर वेळा लिहिल्या. कपबशा विसळताना लक्षात आलं, की प्रत्येक वेळ चहाची होती. कॉम्प्युटरला माझा चहा बाधतो की काय? मंगळवारी मी ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारातच थांबले आणि पाहत राहिले. खुशालरावांनी खिशातून फोन काढला आणि चार्जरच्या मोकळ्या तोंडात वायर खुपसली. मैनाबाईंचा आधीच लावलेला होता. तिसऱ्या कोणीतरी लावला मात्र, कॉम्प्युटरचा लाल दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला.

"अवं आत्या, त्याले वीजच पुरून नाही राहिली!" मी हे कळवताच आरती फोनवर ओरडली. "कोणाले फोन लावू देऊ नको. मोठा चार्जर घेऊन मी रविवारी येते."

पिल्लं गुरुवारी निघायची होती. आणि लावू देऊ नको हे अमरावतीत बसून सांगायला काय जातं! दारी आलेल्याला एक वेळ चहा नसला तरी चालतो, पण चार्जिंगला नाही म्हटलं तर पुढच्या लग्नाची पत्रिका येत नाही. तरी मी हात आडवा करून पाहिला.

"दोनच टक्के घेतो वं," खुशालराव म्हणाले आणि त्यांनी माझ्या हाताखालून वायर घातली.

मी एक अंडं कानाला लावलं. आतून टकटक येत होती. आत कोणी आहे, त्याला बाहेर यायचंय, आणि त्याचा जीव खुशालरावांच्या दोन टक्क्यांवर टांगलेला!

सगळे गेल्यावर मी कडुनिंबाची डहाळी तोडली आणि दाराला बांधली. कांजिण्यांना आमच्याकडे माता निघाली म्हणतात. दाराला निंब दिसला की परका माणूस उंबरा ओलांडत नाही. बुधवारी खुशालराव फाटकातूनच परत फिरले, केळ्यांसकट.

मैनाबाई मात्र फाटकाशी उभ्या राहिल्या. "कोणाले निघाली वं माता?"

मी एकटी राहते, हे त्यांना ठाऊक. खोटं बोलायची मला सवय नाही.

"मशीनले," मी म्हणाले.

त्यांनी चपला काढून हात जोडले. "तरीच! अंग एवढं तापते कावून त्याचं, मी म्हणो."

मातेला थंड लागतं म्हणून त्यांनी फाटकावर दहीभात ठेवला. दुपारी चारला त्या पुन्हा आल्या आणि बाहेरच्या पायरीवर बसल्या. हातात फोन, तोही बंद पडलेला. त्यांची परतवाड्याची लेक रोज चारला फोन करते, आणि त्यांच्या घरचा प्लग रविवारीच जळाला होता. मला माझीच लाज वाटली, तरी मी दार उघडलं नाही.

गुरुवारी दुपारपर्यंत नऊ पिल्लं निघाली. दोन अंडी गपच राहिली. ती कोणाच्या फोनपायी गेली, ते मी कॅलेंडरवर शोधलं नाही. पिल्लांवरचा बल्ब सरळ भिंतीच्या प्लगात लावला, निंब काढला आणि मैनाबाईंना हाताला धरून आत आणलं. मग कॉम्प्युटरची वायर उपसली आणि तिथे त्यांचा फोन लावला.

"आवं माय, पुन्हा बंद पडलं!"

"पडू द्या. या खेपेले मीच पाडलं."

बरोबर चारला फोन वाजला. मैनाबाईंनी तो वायरीसकट कानाला लावला. पलीकडून लेक रडत होती, ते मलाही ऐकू आलं.

"मी बरी हाओ वं, रडू नको," त्या म्हणाल्या. "शेजारच्या शकुनच्या मशीनले माता निघाली होती. आता उतरली. नऊ लेकरं झाले त्याले."