बुडालेल्या जर्मन गाडीचं गाऱ्हाणं

हो, मीच बोलतेय. रत्नागिरीजवळच्या पावस गावात गोपाळकृष्ण लेल्यांच्या नारळी-पोफळीच्या आगरात, विहिरीपलीकडे निळ्या ताडपत्रीखाली जी लांबडी काळी गाडी उभी आहे ना, ती मी. जर्मन आहे. नाकावरचा बिल्ला मागच्या पावसाळ्यात कोणीतरी उपटून नेला, तरी जर्मनच आहे. तुम्हाला वाटेल, बिचारी जुनी गाडी, आता रडगाणं लावणार. छे! मला सूड घ्यायचा होता आणि तो मी घेतला. कसा घेतला, तेवढं ऐकून जा.

माझा जन्म परदेशातल्या एका स्वच्छ कारखान्यात झाला. मला पळण्यासाठीच बनवलं होतं. रस्त्याला चिकटलेली बसकी ठेवण, पुढे दमदार इंजिन, वळणावर रस्ता सोडायचा नाही हा स्वभाव. माझा पहिला मालक उन्मेष. हा गोपाळकृष्णांचा पुतण्या, ठाण्याला मोठ्या कंपनीत साहेब. पहिली तीन वर्षं त्याने माझे काय लाड केले म्हणून सांगू! रविवारी स्वतः फडकं घेऊन पुसायचा. माझ्या बॉनेटवर हात ठेवून फोटो काढायचा. मग त्याने दुसरी, उंच आणि पांढरी गाडी घेतली. गरज सरो नि वैद्य मरो! मी त्याच्या इमारतीच्या तळघरात कोपऱ्यात जाऊन पडले. त्याचंही मला फारसं काही वाटलं नव्हतं. माणसं अशीच असतात.

पण त्या जुलैतला तो दिवस मी विसरणार नाही. सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि तळघरात पाणी शिरायला लागलं. रखवालदाराने फोन केला, तसा उन्मेष धावत खाली आला. तेव्हा पाणी माझ्या चाकांच्या निम्म्यालासुद्धा नव्हतं. त्याच्या हातात दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या होत्या, मी डोळ्यांनी पाहिल्या. त्याने पांढरी गाडी वर नेली. माझ्यासाठी परत यायला त्याला चार मिनिटं पुरली असती. मी वाट पाहिली. रखवालदार वरून ओरडला, "साहेब, दुसरी?" तर म्हणतो कसा, "असू दे, जुनीच आहे ती."

मग पाणी चढलं. पाणी कसलं, गटार, खाडी आणि अख्ख्या सोसायटीचा कचरा! ते माझ्या गादीवर आलं, मग स्टिअरिंगपर्यंत आलं, आणि दोन दिवस तिथेच राहिलं. मेलेला उंदीर माझ्या काचेला लागून तरंगत होता. त्या दोन दिवसांत मी ठरवलं, हा माणूस माझ्या हातून सुटता कामा नये.

पाणी ओसरल्यावर त्याने मला एका स्वस्तातल्या गॅरेजात वाळवलं, नवे गालिचे घातले, आरशाला अत्तराची बाटली लटकवली. माझं इंजिन सुरू झालं. सांगितलं ना, जर्मन आहे. पण एसीच्या नळ्यांत, डॅशबोर्डच्या पोटात खोलवर काळा गाळ तसाच वाळून बसला होता. तारा आतून कुजायला लागल्या होत्या. एखाद्या परक्याने मला नीट तपासलं असतं तर क्षणात कळलं असतं. म्हणून त्याने परक्याला विकलंच नाही. त्याने पावसला काकांना फोन लावला.

"काका, मनूला रोज लांज्याला जायला गाडी हवीय ना? माझी घ्या. घरातली गाडी आहे, तळहाताच्या फोडासारखी जपलीय."

मनू म्हणजे मनस्विनी, गोपाळकृष्णांची लेक. लांज्याच्या शाळेत गणित शिकवते. आणि गोपाळकृष्णांनी काय केलं माहीत आहे? मेकॅनिकला बोलावलं नाही. घरच्या माणसाची गाडी मेकॅनिकला दाखवायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवण्यासारखं, नाही का! ते गेले देवळात, कौल लावायला. भागोजी गुरवाने देवीच्या मूर्तीला दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, "माय, लेल्यांनी ही गाडी घरात आणावी काय?" उजवीकडची पाकळी पडली. उजवा कौल! झालं, मी पावसला आले. मी देवीला बोल लावत नाही. आणावी का, एवढंच तिला विचारलं होतं. बुडाली होती का, हे कोणी विचारलंच नाही.

आता एक कबूल करते. मनूच्या हातात पडल्यावर काही दिवस मी सूडबीड विसरले होते. काय चालवायची पोरगी! पावसवरून आतल्या वळणांच्या रस्त्याने लांज्याकडे निघायची, तर प्रत्येक वळणाच्या आधी नेमका ब्रेक आणि वळणातून बाहेर पडताना नेमका जोर. वर सड्यावर, उघड्या कातळमाळावर, सरळ मोकळा रस्ता लागला की म्हणायची, "चल गो, दाखव त्यांना." त्यांना म्हणजे कोणाला, मला कळलं नाही, पण मी दाखवायचे. उन्मेषने मला पुष्कळ मिरवलं होतं, पण चालवलं असं पहिल्यांदा मनूनेच. मला कुबट वास येतो म्हणून ती काचा उघड्या ठेवून जायची, एसीला हातसुद्धा लावायची नाही.

पण आत कुजलेलं किती दिवस झाकणार? एकदा भर घाटात दिवे गेले. एकदा शाळेच्या फाटकात हॉर्न वाजायला लागला, तो थांबेचना. परीक्षेच्या दिवशी मी वाटेत बंद पडले आणि मनूला टेम्पोत बसून जावं लागलं. माझा राग उन्मेषवर, आणि भोगत होती मनू. मला स्वतःची लाज वाटायची, पण कुजलेली तार माझं ऐकेना.

घरात कुरबूर सुरू झाली. नाव मोठं, लक्षण खोटं, असं शेजारीपाजारी म्हणायला लागले. ते परवडलं. पण उन्मेष ठाण्याहून फोनवर काय सांगायचा? "काका, माझ्याकडे सहा वर्षं एक तक्रार नव्हती. मनूला म्हणावं, ही जर्मन गाडी आहे, स्कूटी नव्हे. क्लच जाळला असेल तिने." चोराच्या उलट्या बोंबा! माझ्यात क्लचचं पायडलसुद्धा नाही हो, मी आपोआप गिअर बदलणारी. मनू ते सांगायची, पण ऐकतो कोण? पुतण्या साहेब आणि मोठा. गोपाळकृष्णांनी एके सकाळी तिच्या हातातून किल्ली काढून घेतली.

"उद्यापासून एसटीने जा. गाडीही नको आणि गावात शोभाही नको."

"बाबा, मी काही बिघडवलं नाही."

"मग आपोआप बिघडली? शिमग्याला उन्मेष येतोय. तो विकून टाकेल. लांज्याला गिऱ्हाईकही बघितलंय त्याने."

दुपारी मनू येऊन माझ्यात बसली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. ते माझ्यासाठी नव्हतं. घरात तिचा शब्द कोणी खरा मानला नाही, याचं ते रडणं होतं. तेव्हा मी ठरवलं, हा सूड आता एकट्या माझा नाही.

शिमग्याला उन्मेष आला. पांढरा शुभ्र झब्बा, गळ्यात सोनेरी काठाचं उपरणं. आमच्याकडे शिमग्यात देवीची पालखी देवळातून निघते, सहाणेवर, म्हणजे तिच्या ठरलेल्या चौथऱ्यावर, बसते आणि गावकरी ती खांद्यावर घेऊन नाचवतात. त्यात लेल्यांचा पहिल्या खांद्याचा मान. उन्मेष वर्षभर ठाण्यात साहेबी करतो, पण सगळा जीव त्याचा त्या खांद्यात. त्या एका दुपारसाठी तो महिनाभर आधी रजा टाकतो.

काकांचे गुडघे दुखतात म्हणून सहाणेपर्यंत गाडी न्यायची ठरली. उन्मेष माझ्या पुढच्या सीटवर बसला, काका शेजारी, मनू मागे.

"आता बघा काका, माझ्या हातात कशी चालते ती."

आणि मी चालले! लोण्यासारखी चालले. एक धक्का नाही, एक आवाज नाही. काकांनी मान हलवून मागे मनूकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला. मनू, थोडं थांब गो, मी मनात म्हणत होते.

फाल्गुनातलं ऊन. सहाणेसमोर अख्खा गाव जमलेला, ढोल सुरू झालेले. मिरवायचं म्हणून उन्मेषने काचा वर केल्या आणि एसीचा पंखा जोरात लावला. एवढा जोर त्या पंख्याला पुरानंतर कोणी दिलाच नव्हता. मी अंगात होतं नव्हतं तेवढं बळ त्या पंख्याला दिलं. आतून खरखर झाली आणि डॅशबोर्डच्या जाळ्यांतून काळा गाळ भसाभसा बाहेर आला. उन्मेषच्या तोंडावर, झब्ब्यावर, उपरण्यावर! सोबत ती गटाराची घाण. आणि नेमकी सहाणेसमोर मी बंद पडले.

दारं उघडून सगळे खोकत बाहेर आले. पोरं हसायला लागली. पालखी उचलायला सज्ज असलेला भागोजी गुरव बघतच राहिला. गोपाळकृष्ण मात्र हसले नाहीत. त्यांनी स्वतःच्या सदऱ्यावरचा चिमूटभर गाळ घेतला, बोटांत चोळला, हुंगला.

"उन्मेष, ही माती कुठली?"

"धूळ हो काका. मनू रोज कच्च्या रस्त्यांनी नेते ना..."

"धूळ मला शिकवू नकोस. सत्तर वर्षं आगरात गेली माझी. आपल्या जांभ्याची धूळ लाल. ही काळी, चिकट. हा पाण्याखालचा गाळ आहे. घे, वास घे."

त्यांनी चिमूट त्याच्या नाकाखाली धरली. ढोल थांबले होते. भागोजी पुढे झाला. "उन्मेषराव, द्येवी समोर हाय. काय असंल ता खरा बोला."

उन्मेष खाली मान घालून म्हणाला, "थोडं पाणी शिरलं होतं."

"थोडं म्हणजे किती, दादा?" मनूने विचारलं. फळ्यापाशी उभ्या केलेल्या पोराला विचारावं तसं. "हात लावून दाखव."

त्याने सगळ्या गावासमोर माझ्या दारातून हात आत घातला आणि स्टिअरिंगला लावला.

गोपाळकृष्ण म्हणाले, "पालखीला खांदा तू द्यायचा नाहीस." आणि मनूकडे वळून, सगळ्यांच्या देखत, "मनू, चुकलो गो मी. किल्ली तुझी होती, तुझीच राहील."

पालखी नाचली. काय नाचली त्या वर्षी! उन्मेष माझ्यात बसून काचेआडून बघत होता. तोंड काळं, डोळ्यांत पाणी. सवयीने त्याने एकदा किल्ली फिरवून पाहिली. मी हूं की चूं केलं नाही. त्या दुपारी मला जे सुख मिळालं, ते सड्यावर ताशी दीडशेने पळतानाही मिळालं नव्हतं.

त्यानंतर मी पुन्हा सुरू झाले नाही. रत्नागिरीच्या नितेश मेकॅनिकने माझं बॉनेट उघडून हात जोडले. मनूने दुसरी जुनी, लहान गाडी घेतली, ती घेण्याआधी नितेशला दोन तास तिच्याखाली उताणा झोपवून आणि गालिचे उचलून बघायला लावून. आता मनूच्या शेजारी कधी कधी काकाही बसतात. मला एवढंच सांगायचंय, जुनी गाडी घेताना देवाला जरूर विचारा, पण घरच्या माणसाचीही गाडी आधी उपसून बघा. त्यात अपमान कसला?

मला न्यायला भंगारवाला येणार आहे म्हणतात. येऊ दे. परवाच्या गणपतीत उन्मेष आला होता. मनूसमोर उभा राहून "चुकलं माझं" म्हणाला. तिने त्याला मोदक वाढले. येत्या शिमग्याला त्याला खांदाही परत मिळणार असं ऐकते. माणसांना माफ करावंच लागतं, उद्या एकमेकांच्या घरच्या लग्नामुंजींना जायचं असतं त्यांना.

मला कुठे जायचंय? मी नाही केलं माफ.