एकशे सदतीस फॉर्म

रविवारी सकाळी नाश्त्याच्या बशा उचलल्या गेल्या आणि त्याच टेबलावर कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा येऊन पडला. टेबलाच्या टोकाला प्राध्यापक दादा, त्याच्या उजवीकडे वहिनी, समोर त्यांची बावीस वर्षांची मुलगी. तिघांच्या हातांत तीन तऱ्हेची पेनं होती.

"अक्षर बदलत राहा गं," दादा म्हणाला. "आणि खुणा एका सरळ रेषेत नकोत. माणसांनी भरल्यासारखं वाटलं पाहिजे."

"बाबा, मी आता कोण आहे? मागच्या फॉर्मात मी पन्नास वर्षांचा पुरुष होते."

"आता बाई हो. अनुभव बारा वर्षं."

तिघंही हसले. ओट्यापाशी बशा विसळत उभी असलेली दादाची बहीण हसली नाही. तिला घरात आणि दादाच्या कॉलेजातही सगळे आत्याच म्हणत. तिने नळ बंद केला, हात पुसले आणि टेबलाकडे पाठ करून उभी राहिली. ती दमली होती, आणि हे दमणं त्या सकाळचं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा ती एका बॅगेनिशी भावाकडे आली. वाणिज्य शाखेत एम.कॉम. झालेली, चार वर्षं शिकवलेलं. "आता कुठं नोकरीबिकरी शोधत फिरतेस? घरीच राहा, मला जरा मदत कर," दादा म्हणाला होता. त्याच्या मनात तेव्हा काही वाईट नव्हतं. पण ती जरा मदत वाढत वाढत त्याचं सगळं संशोधन होऊन बसली. करप्रणाली, लेखापरीक्षण, ऑफिसांतल्या संगणकांचा कारभार, अशा विषयांवरचे त्याचे चौदा शोधनिबंध विद्वानांच्या पत्रिकांत छापून आले. विषय ती शोधायची, आकडेमोड ती करायची, लिहायची ती. दादा शेवटी एकदा वाचायचा, दोन शब्द बदलायचा आणि आपलं नाव घालायचा. निबंधाच्या तळाशी बारीक अक्षरात 'कुटुंबीयांच्या सहकार्याबद्दल आभार' असायचं. त्या कुटुंबीयांत आपलं मांजरही धरलंय, असं भाची चेष्टेने म्हणायची.

कुणी तिला छळलं नाही की टाकून बोललं नाही. शिकलेल्या घरांत तसं होत नाही. तिथं माणसाकडून गोड बोलून काम काढून घेतात आणि त्याला आपलेपणा असं नाव देतात. निराधार होऊन परत आलेल्या बहिणीने तर तोंड उघडायचंच नसतं. डोक्यावर छप्पर मिळालं हेच तिचं नशीब समजायचं असतं. आत्याही अकरा वर्षं मूग गिळून बसली होती.

यंदाचा विषय मात्र तिला आतून लागला होता. लहान करसल्लागारांच्या ऑफिसांत संगणकावर नेमकं कोण कुणाच्या नावाने काम करतं, हे तिला शोधायचं होतं. पाच महिने ती जिने चढली आणि उतरली. 'साहेब बाहेर गेलेत', 'उद्या या', 'आम्हाला काही विकत घ्यायचं नाही' हे ऐकत बाकड्यांवर बसून राहिली. पायांचे तुकडे पडायचे. तरी त्रेसष्ट ऑफिसांनी फॉर्म भरून दिले, प्रत्येकावर ऑफिसचा शिक्का मारून घेतला. त्यांतल्या एक्कावन्न ठिकाणी सगळी नोकरमंडळी मालकाच्याच पासवर्डने काम करत होती.

अशाच एका ऑफिसातल्या कारकून बाई तिला जिन्यात गाठून बोलल्या होत्या. नऊ वर्षं त्या ग्राहकांची करविवरणपत्रं भरत होत्या, मालकाच्या पासवर्डने.

"काम नीट झालं की संगणकात साहेबांचं नाव, ताई. आणि परवा एकाचं विवरणपत्र चुकीचं गेलं, तर साहेब म्हणाले, मी हातच लावला नाही, हे बाईंनी केलं. मी नव्हतं केलं हो. पण दाखवू कसं? माझं नाव कुठंच नाही."

"मग?"

"मग काय, महिनाअखेर घरी बसा म्हणालेत. तुम्ही हे लिहा. नाव नका टाकू माझं, पण लिहा."

आत्याने शब्द दिला होता.

आणि आता त्या शब्दाचं काय होत होतं ते ती पाहत होती. विभागप्रमुखपदासाठी दादाची मुलाखत महिन्याभरावर आली होती. "त्रेसष्टला कोण विचारतं? दोनशे पाहिजेत," तो म्हणाला होता. आणखी सहा महिने दे, असं तिने विनवलं, तर त्याने हात झटकले. म्हणून उरलेले एकशे सदतीस आज घरीच भरले जात होते.

तिने एक भरलेला फॉर्म उचलला. मग दुसरा, तिसरा.

"दादा, 'प्रत्येकाचा स्वतंत्र पासवर्ड आहे का' याला सगळीकडे 'हो' कसं?"

"मग काय लिहू? आपल्या कॉलेजच्या मंडळावर दोन करसल्लागार आहेत. त्यांची ऑफिसं वाईट असं लिहून मुलाखतीला जाऊ?"

"पण मी पाहिलंय त्याच्या उलट आहे हे."

"तुझे त्रेसष्ट आहेतच की त्यात. कुठं काढून टाकले?" तो जरा समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, सगळेच करतात. तू फार मनाला लावून घेतेस."

"ताई, चहा टाकता का सगळ्यांना?" वहिनी मान वर न करता म्हणाल्या.

आत्याने चहा टाकला. लाज वाटण्यासारखी गोष्ट पुढचीच आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच ते दोनशे फॉर्म संगणकात भरले आणि तिनेच निष्कर्ष टाइप केला: 'चारपैकी तीन कार्यालयांत पासवर्डची शिस्त समाधानकारक आढळली.' टाइप करताना तिला त्या कारकून बाई आठवल्या आणि रडू आलं. तरी तिने वाक्य पुरं केलं, आणि निबंध मूळ फॉर्मांसकट पत्रिकेकडे गेला. नाही म्हणायची सवयच उरली नव्हती.

तीन आठवड्यांनी, शनिवारी अकराच्या सुमाराला तिचा फोन वाजला. ती बाल्कनीतले वाळलेले कपडे घड्या घालत होती. फॉर्मांच्या तळाशी संपर्कासाठी तिचाच नंबर होता, कारण दादाला असले फोन घ्यायला आवडायचं नाही.

"मी पत्रिकेची संपादक बोलतेय," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही पाठवलेले मूळ फॉर्म पाहिले. त्रेसष्टांवर ऑफिसचे शिक्के आहेत, बाकी एकशे सदतीसांवर नाहीत. निबंध चांगला आहे, आम्हाला छापायचाय. शिक्के घ्यायचे राहिले असतील तर तसं सांगा, मी नोंद करून घेते. फॉर्म तुम्हीच गोळा केलेत ना?"

नुसतं 'राहिले' म्हणायचं होतं. संपादक बाईंनी शब्दसुद्धा आयता हातात दिला होता.

दादा वर्तमानपत्र खाली टाकून उठला होता. काय चाललंय ते त्याच्या लगेच लक्षात आलं. तो हाताने खूण करत होता, हो म्हण, हो म्हण. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. या घराबाहेर तिला जागा नव्हती, हे त्या दोघांनाही माहीत होतं आणि तिलाही.

"त्रेसष्ट मी आणलेत," ती म्हणाली. "बाकीचे कुठल्याच ऑफिसातून आलेले नाहीत. ते आमच्या जेवणाच्या टेबलावर भरलेत."

"काय?" संपादक बाई म्हणाल्या. "आपण कोण बोलताय?"

एरवी ती म्हणाली असती, सरांची बहीण. आज तिने आपलं नाव सांगितलं, पूर्ण, आडनावासकट. मग म्हणाली, "हा निबंध मी लिहिलाय. आणि त्यातला निष्कर्ष खोटा आहे. तोही मीच टाइप केलाय. तो छापू नका."

फोन ठेवून तिने मांडीवरचा टॉवेल घडीला घेतला.

"काय केलंस हे?" दादाचा आवाज चढला. "माझी मुलाखत आहे! चार लोकांत तोंड दाखवू कसं? अगं, अकरा वर्षं तुला घरात ठेवलं मी! त्याची ही परतफेड?"

"ठेवलंस ना," आत्या म्हणाली. ओरडायचं त्राण तिच्यात नव्हतं. "तू मला अकरा वर्षं घरात ठेवलंस, दादा. मी तुला अकरा वर्षं प्राध्यापक ठेवलं."

इतकी वर्षं दादाची उत्तरं लिहून देणारी समोरच बसली होती. तो खोलीत गेला, दार आपटलं. त्याची मुलाखत झाली नाही. कॉलेजात चौकशी बसली आणि घरातल्यांनी आठवडाभर तिच्याशी चकार शब्द काढला नाही. खरं बोलणाऱ्या बाईला घर लगेच डोक्यावर घेतं, असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आठव्या दिवशी सकाळी ती पिशवीत कोरे फॉर्म भरत असताना वहिनी दाराशी आल्या. "चाललात कुठं?"

"कामाला. पहाटेच्या शिकवण्या मिळतायत दोन-तीन, जागाही बघतेय. तोवर तुम्ही म्हणाल तसं."

"आणि हे काय घेतलंय?"

"संपादक बाईंचं पत्र आलंय, वहिनी. निबंध माझ्या नावाने घेतील म्हणतात, पण फॉर्म खरे हवेत." आत्याने पिशवीचा बंद खांद्यावर नीट केला. गुडघे आत्तापासूनच दुखत होते. "एकशे सदतीस ऑफिसं राहिलीत. रोज तीन झाली तरी शेहेचाळीस दिवस लागतील."

आणि ती पहिला जिना चढायला निघाली.